गुंतवणुकीतून ग्रीन कार्ड: आधी पैसा कुठून आला ते लिहून काढा

आमच्या लेकीच्या अर्जाला आमच्या घरची ६१२ पानं लागली. अमेरिकेतल्या प्रकल्पाची कागदपत्रं त्यात धरलेली नाहीत, ती तिकडूनच आली. ही ६१२ पानं निव्वळ कोल्हापूरची: सातबारे, फेरफार, हक्कसोडपत्र, खरेदीखत, मशिन शॉपचे ताळेबंद, ऊस बिलं, बँकेची स्टेटमेंट आणि या सगळ्यांची इंग्रजी भाषांतरं.

माझ्या मिस्टरांचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशिन शॉप आहे. लेक शिकायला अमेरिकेत गेली आणि पुढे नोकरीला लागली. नोकरीतून ग्रीन कार्डाची भारतीयांची रांग किती लांब आहे हे तिच्याबरोबरच्या मुलांकडून कळल्यावर आम्ही ईबी-५, म्हणजे अमेरिकेत गुंतवणूक करून ग्रीन कार्ड मिळवायच्या मार्गाचा विचार सुरू केला. घरातली कागदपत्रं पहिल्यापासून माझ्याकडेच, त्यामुळे हे कामही माझ्याकडे आलं. सुरुवातीचं जवळजवळ एक वर्ष आम्ही उलट्या क्रमाने चाललो: आधी प्रकल्प बघितले, मग पैसे कसे पाठवायचे ते विचारलं आणि सगळ्यात शेवटी पैशाचे कागद शोधायला बसलो. तुम्ही तसं करू नका. खालचा क्रम आमच्या चुकांमधून लागलेला आहे.

## १. अर्जदार कोण, हे घरात बसून ठरवा

ग्रीन कार्ड म्हणजे कायमचं वास्तव्य, नागरिकत्व नव्हे. पासपोर्ट भारताचाच राहतो. पण कार्ड काढून कोल्हापुरातच राहायचं आणि वर्षातून एकदा तिकडे जाऊन यायचं, असं चालत नाही. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर विमानतळावर प्रश्न विचारले जातात. री-एंट्री परमिट न घेता वर्षभर बाहेर राहिलात तर कार्डच धोक्यात येतं.

म्हणून ज्याला तिथे खरंच राहायचं आहे, त्यानेच अर्जदार व्हावं. आमच्याकडे लेक अर्जदार झाली आणि आम्ही दोघांनी तिला पैसे बक्षीस दिले. हे कायद्याला मान्य आहे. आई-वडील स्वतः अर्जदार झाले तर नवरा, बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं एकाच अर्जात येतात. मुलगा विशीला आला असेल तर वयाचा हिशोब पहिल्याच भेटीत वकिलाकडून करून घ्या. मूळ अर्ज प्रलंबित असतानाचा काळ वयातून वजा होतो, पण त्यासाठी अर्ज वेळेत दाखल झालेला लागतो.

## २. नियमाचे आकडे

ईबी-५ हा वर्ग १९९० च्या कायद्याने आला. मार्च २०२२ मध्ये त्याचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले, त्यामुळे त्याआधी गेलेल्या ओळखीच्यांचा सल्ला जपून घ्या.

साधारण गुंतवणूक १० लाख ५० हजार डॉलर. ग्रामीण भागात, जास्त बेरोजगारीच्या भागात किंवा सरकारी पायाभूत प्रकल्पात असेल तर ८ लाख डॉलर. १ जानेवारी २०२७ पासून दर पाच वर्षांनी ही रक्कम महागाईप्रमाणे वाढवायची तरतूद आहे. प्रत्येक गुंतवणूकदारामागे १० पूर्णवेळ नोकऱ्या तयार व्हाव्या लागतात. स्वतःचा धंदा काढूनही अर्ज करता येतो, पण बहुतेक भारतीय रीजनल सेंटरमार्फत (अनेक गुंतवणूकदारांचे पैसे प्रकल्पात घालणारी, सरकारमान्य संस्था) जातात, कारण तिथे अप्रत्यक्ष नोकऱ्याही मोजल्या जातात.

वर्षाला साधारण १० हजार व्हिसा असतात. त्यातले २० टक्के ग्रामीण, १० टक्के जास्त बेरोजगारीच्या आणि २ टक्के पायाभूत प्रकल्पांसाठी राखीव. एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने राखीव नसलेल्या गटात भारतीयांची रांग लागते. राखीव गटात रांग आहे की नाही, ते अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये स्वतः बघा. एजंटच्या तोंडून ऐकू नका.

तारखा दोन. रीजनल सेंटर कार्यक्रमाची मुदत ३० सप्टेंबर २०२७ आहे. ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत दाखल झालेल्या अर्जांना, पुढे कार्यक्रमाचं काहीही झालं तरी, कायद्याने संरक्षण दिलं आहे.

## ३. पैशाची जन्मकुंडली मांडा

खरं काम इथे आहे. वेळ, ताकद, डोकं सगळं इथे लावा.

अमेरिकेचं इमिग्रेशन खातं दोन गोष्टी विचारतं: हा पैसा कायदेशीर मार्गाने कमावला हे दाखवा, आणि तो तुमच्या हातून प्रकल्पाच्या खात्यापर्यंत कसा गेला ते दाखवा. पैसे बक्षीस मिळालेले असतील तर देणाऱ्याचा पैसा कुठून आला हेही दाखवावं लागतं. म्हणजे अर्ज लेकीचा, पण झडती आमची.

आमचे पैसे दोन ठिकाणचे होते: करवीर तालुक्यातली विकलेली जमीन आणि मशिन शॉपमधला इतक्या वर्षांचा नफा.

नफ्याचं तुलनेने सोपं गेलं. आयकर विवरणपत्रं होती, ताळेबंद होते, भागीदारी पत्र होतं. जमिनीने मात्र आठ महिने घेतले. मामंजी आणि चुलत सासरे यांची वाटणी तोंडीच झालेली होती. कसत ज्याचा तो होता, सातबाऱ्यावर मात्र दोघांचीही नावं. आमच्या गावाकडे हे घरोघरी आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण अमेरिकेतल्या वकीलबाईंचा प्रश्न साधा होता: जमीन दोन कुटुंबांची दिसते, मग विक्रीचे सगळे पैसे तुमच्या खात्यात कसे? सुदैवाने विक्रीच्या आधी मिस्टरांनी जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडून वाटप करून घेतलं होतं. तो आदेश सापडला आणि प्रश्न मिटला. दोन्ही नणंदांनी हक्कसोडपत्र दिलेलं होतं, तेही नोंदणीकृत. ते नुसतं साध्या कागदावर असतं तर आम्ही अडकलो असतो.

मग मामंजींकडे जमीन कशी आली, ते दाखवायला १९८७ चा वारस फेरफार हवा होता. त्यासाठी तहसील कार्यालयात चार खेपा झाल्या. चौथ्या वेळी अभिलेख कक्षातल्या कर्मचाऱ्याने लाल कापडाचा रुमाल काढला, गाठ सोडली आणि एकेक पान बोटाने उचलत गेला. कडा मोडलेल्या, शाई तपकिरी झालेली. आमच्या आजेसासऱ्यांचं नाव, त्याखाली 'मयत', त्याखाली वारसांची नावं आणि मंडल अधिकाऱ्याची सही. मामंजींचं नाव त्या पानावर बघून मिस्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. त्याची नक्कल मिळाली त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे काम होईल.

जी कागदपत्रं जमवायला लागतात ती अशी:

- डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, ८अ, आणि मिळकत तुमच्याकडे कशी आली ते दाखवणारे सगळे फेरफार
- वाटप आदेश, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र किंवा वारस दाखला, जे लागू असेल ते
- नोंदणीकृत खरेदीखत आणि सूची क्र. २
- विक्रीची रक्कम जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, आणि तिथून पुढे पैसा जिथे जिथे गेला त्या प्रत्येक खात्याचं
- गेल्या सात वर्षांची आयकर विवरणपत्रं
- धंद्याचे ताळेबंद, भागीदारी पत्र, जीएसटी नोंदणी
- ऊस असेल तर कारखान्याची बिलं आणि ज्या बँकेत ती जमा होतात तिथलं स्टेटमेंट
- सगळ्यांचे पासपोर्ट, जन्म दाखले, लग्नाचा दाखला
- बक्षीसपत्र, ज्यात पैसे परत घ्यायचे नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं असेल

रोखीचा सापळा. जमिनीचा सौदा ठरताना गिऱ्हाईक म्हणालं, रेडीरेकनरच्या दराने खरेदी करू, वरचे रोख देतो. आम्ही नको म्हटलं. त्यानंतर सहा महिने दुसरं गिऱ्हाईक आलं नाही आणि शेवटी दरही थोडा कमी मिळाला. पण आलेला प्रत्येक रुपया बँकेतून आला. वरची रक्कम घेणं मुळात बेकायदा आहे. शिवाय खरेदीखतावर नसलेला पैसा या अर्जात कधीच दाखवता येत नाही. सौदा अजून व्हायचा असेल तर हे आजच घरात ठरवा.

याच कारणाने भिशीचे पैसे, हातउसने दिलेले परत आलेले पैसे आणि गुजरीत (सराफ बाजारात) बिलाशिवाय मोडलेलं सोनं यातलं काहीही अर्जात घेऊ नका. पतसंस्थेतली ठेव चालते, पण नुसतं हाताने भरलेलं पासबुक देऊ नका. शिक्क्याचं स्टेटमेंट आणि ठेव कुठल्या पैशातून ठेवली त्याचा पुरावा दोन्ही जोडा.

जमिनीवरचा कर. शेतजमीन विकली की करच नाही, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ते ग्रामीण शेतजमिनीपुरतं खरं आहे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. १ ते १० लाख लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत ६ किलोमीटरच्या आतली जमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता ठरते आणि नफ्यावर कर लागतो. उपनगरांना लागून असलेली बरीचशी गावं या ६ किलोमीटरमध्ये येतात. कर भरलेला नसेल तर आधी सीएंना गाठा. बुडवलेल्या कराचा पैसा कायदेशीर आहे, हे पटवून देणं फार अवघड जातं.

## ४. भाषांतर आणि नावं

प्रत्येक मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं आणि त्याखाली भाषांतरकाराचं प्रमाणपत्र: दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे. गोषवारा चालत नाही. सातबाऱ्यावरचा पोटखराबा, आकार, इतर हक्कातला सोसायटीचा बोजा, सगळं यायला हवं. 'गुंठा' म्हणजे काय, असं वकीलबाईंनी विचारल्यावर मी एक पान वेगळं तयार केलं: ४० गुंठे म्हणजे १ एकर, १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, फेरफार म्हणजे काय, ८अ म्हणजे काय. ते त्यांनी अर्जाला जसंच्या तसं जोडलं. तुम्हीही असं एक पान करा.

नावांचा घोळ आपल्याकडे ठरलेला. माझं माहेरचं नाव दाखल्यावर, सासरचं पासपोर्टवर आणि खरेदीखतावर 'सौ.' लावून तिसरंच स्पेलिंग. मामंजी सातबाऱ्यावर 'बापू', मृत्यू दाखल्यावर पूर्ण नाव. यासाठी 'एकच व्यक्ती असल्याचं' प्रतिज्ञापत्र करून घ्यावं लागतं, प्रत्येक वेगळ्या नावाचा उल्लेख करून. लग्नानंतर नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर उत्तमच. जुन्या जन्म दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगी' असतं. ते आधी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत घालून घ्या, त्याला वेळ लागतो.

## ५. डॉलर पाठवणं

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात २ लाख ५० हजार डॉलर बाहेर पाठवता येतात. ८ लाख एका माणसाच्या एका वर्षात बसत नाहीत. आम्ही दोघांनी मार्चमध्ये पाठवले आणि १ एप्रिलनंतर पुन्हा पाठवले. नवरा-बायको मिळून असे १० लाख डॉलर होतात.

इतके कशाला, तर प्रकल्पवाले ८ लाखांवर प्रशासन शुल्क वेगळं घेतात, ते ५० हजार डॉलर किंवा त्याहूनही जास्त असू शकतं. वकिलाची फी आणि सरकारी फी आणखी वेगळी. मर्यादेचा हिशोब यांच्यासकट करा. सरकारी फी बदलत असते, ती भरायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावरच बघा.

टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते तो कर, मात्र अनेकांच्या लक्षातच नसतो. एका वर्षात १० लाख रुपयांवर जी रक्कम जाईल तिच्यावर बँक २० टक्के टीसीएस कापते. हिशोबासाठी डॉलर ९० रुपये धरू: २ लाख ५० हजार डॉलर म्हणजे सव्वादोन कोटी, त्यातले १० लाख वगळून २ कोटी १५ लाखांचे २० टक्के म्हणजे ४३ लाख. हे एका माणसाचे एका वर्षाचे. विवरणपत्र भरताना ते करात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर तुमच्या धंद्यात नसतात. मशिनचा हप्ता, कामगारांचा पगार, कास्टिंगवाल्याचं देणं हे सगळं त्या महिन्यांत कुठून भागवणार, ते आधी ठरवा.

आणखी तीन गोष्टी:

कर्ज काढून पाठवू, असं मनात असेल तर थांबा. परदेशात गुंतवणुकीसाठी एलआरएसमध्ये पाठवायला बँकांनी कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

घरातल्या इतरांची मर्यादा जोडून घ्यायची असेल तर, गुंतवणुकीत ते सहमालक नसतील तेव्हा ती जोडता येत नाही. कोण कुणाला, कुठल्या नावाखाली पाठवतंय, हे सीए आणि अमेरिकेतला वकील यांना एकत्र बसवून ठरवा. तुम्ही स्वतः अर्जदार असाल तर बाहेर नेलेले डॉलर १८० दिवसांत गुंतवले गेले पाहिजेत, नाहीतर परत आणावे लागतात.

आणि पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी पाठवतोय ते सांगणारा कोड. आमच्या बँकेत ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) भरताना एका रकमेला 'बक्षीस' ऐवजी 'कुटुंबाचा चरितार्थ' असा कोड पडला. मी सही करताना नीट बघितलं नाही. बक्षीसपत्र एक म्हणतं आणि बँकेचा कागद दुसरं, हे वकीलबाईंच्या लक्षात आलं. दुरुस्तीचं पत्र मिळवायला तीन आठवडे रोज फोन करावा लागला. फॉर्मवरचा कोड स्वतः वाचा, मगच सही करा.

## ६. प्रकल्प आता बघा

प्रकल्प मी मुद्दाम सहाव्या क्रमांकावर ठेवलाय, कारण सगळे इथूनच सुरुवात करतात. हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम असतो, पडद्यावर चकचकीत इमारत, शेवटी जेवण. आम्हीही गेलो होतो. तिथल्या एका माणसाने आम्हाला सांगितलं, "ताई, पैसे परत यायची पूर्ण गॅरंटी आहे." ते ऐकून आम्ही खूश होऊन घरी आलो. प्रत्यक्षात या कार्यक्रमात पैसा जोखमीत असणं ही कायद्याची अट आहे. करारात परतफेडीची हमी असेल तर अर्जच नाकारला जाऊ शकतो. म्हणजे तो माणूस एकतर खोटं बोलत होता किंवा त्याला विषय माहीत नव्हता.

कुठल्याही एजंटला दोन गोष्टी लेखी विचारा. २०२२ च्या कायद्याप्रमाणे प्रवर्तक म्हणून तुमची नोंदणी, म्हणजे आय-९५६के, झाली आहे का? आणि प्रकल्पाकडून तुम्हाला किती कमिशन मिळतं? हे कमिशन गुंतवणूकदाराला सांगणं बंधनकारक आहे. उत्तर टाळलं तर उठून या.

फसवणूक मोठमोठ्या प्रकल्पांतही झाली आहे. व्हरमाँट राज्यातल्या जे पीक स्की रिसॉर्टच्या प्रकरणात २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने खटला भरला. ३५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम जगभरच्या ईबी-५ गुंतवणूकदारांकडून गोळा झालेली होती. म्हणून विचारा: बँकेचं कर्ज किती, बिल्डरचे स्वतःचे पैसे किती, काम कुठवर आलंय, दहापेक्षा किती जास्त नोकऱ्या मोजल्या आहेत, पैसे परत मिळायच्या रांगेत आपला नंबर कितवा. प्रकल्पाचा वकील हा तुमचा वकील नव्हे. स्वतःचा वेगळा करा, पैसे लागले तरी.

ग्रामीण प्रकल्पातल्या अर्जांना तपासणीत प्राधान्य मिळतं, म्हणून आम्ही तो घेतला.

## ७. अर्ज

रीजनल सेंटरमार्फत असेल तर गुंतवणूकदाराचा मूळ अर्ज म्हणजे आय-५२६ई. मूल अमेरिकेत वैध व्हिसावर असेल आणि त्याच्या गटात रांग नसेल तर आय-४८५, म्हणजे तिथेच राहून ग्रीन कार्ड मागायचा अर्ज, सोबतच भरता येतो. त्यातून कामाचा आणि प्रवासाचा परवाना आधी मिळतो. तुम्ही इथून अर्ज करत असाल तर मंजुरीनंतर डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज), नेमून दिलेल्या डॉक्टरांकडे वैद्यकीय तपासणी, पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स आणि वकिलातीत मुलाखत. लसीकरणाचे जुने कागद शोधून ठेवा.

खात्याने आणखी पुरावा मागितला तर घाबरू नका, पण दिलेली तारीख चुकवू नका.

## ८. कर: ऊस असेल तर हे नीट वाचा

ग्रीन कार्ड मिळालं की जगभरातलं उत्पन्न अमेरिकेला सांगावं लागतं. आपल्याकडे शेतीचं उत्पन्न आयकरमुक्त आहे, तिकडे तशी सूट नाही. ऊस बिल, घरभाडं, ठेवीचं व्याज, म्युच्युअल फंड सगळं तिकडच्या विवरणपत्रात येतं. परदेशातल्या, म्हणजे आपल्या भारतातल्याही, खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली तर वेगळी माहिती भरावी लागते. म्युच्युअल फंडांना तिकडे फार जाचक नियम आहेत, कार्ड येण्याआधीच त्यांचं काय करायचं ते ठरवा. एखाद्या कुटुंबात धंदा, शेती आणि एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) तिन्ही असेल तर कर्त्याने अर्जदार व्हावं का, याचा दहादा विचार करा.

बक्षीस घेणाऱ्या मुलाने तिकडे फॉर्म ३५२० भरायचा असतो. परदेशातल्या व्यक्तीकडून वर्षात १ लाख डॉलरहून जास्त मिळालं असेल तर तो सक्तीचा आहे. त्यावर कर लागत नाही, पण न भरल्यास दंड मोठा. आमच्या लेकीला हे तिच्या मैत्रिणीने सांगितलं, आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

अनिवासी झालेल्या माणसाला भारतात शेतजमीन नव्याने विकत घेता येत नाही. आधीची ठेवता येते, वारसाने मिळालेलीही. शेजारची पाच गुंठे घ्यायचं मनात असेल तर तो व्यवहार त्याप्रमाणे बघा.

## ९. दोन वर्षांचं कार्ड

पहिलं कार्ड सशर्त आणि दोन वर्षांचं असतं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-८२९, म्हणजे कार्डावरची अट काढायचा अर्ज, भरायचा, नोकऱ्या तयार झाल्याचा पुरावा जोडून. तो पुरावा प्रकल्पवाल्यांकडून येतो, म्हणून त्यांच्या तिमाही अहवालांचे ईमेल उडवू नका. मुद्दल परत कधी मिळणार, हे तुमच्या करारावर आणि प्रकल्पाच्या परिस्थितीवर आहे. मुलीच्या लग्नाचे किंवा मशिन घ्यायचे पैसे यात कधीही घालू नका.

आमच्या लेकीच्या कार्डावरची तारीख मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहून ठेवली आहे, आणि त्याच्या ९० दिवस आधीची तारीख लाल पेनाने. मूळ खरेदीखत आणि हक्कसोडपत्र बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. बाकी सगळ्याचे स्कॅन तीन ठिकाणी, आणि प्रत्येक फाईलचं नाव वर्ष-गाव-कागद अशा क्रमाने. आय-८२९ च्या वेळी जुने कागद पुन्हा मागू शकतात, तेव्हा तो लाल रुमाल पुन्हा सोडायला लावायची वेळ येऊ नये.